गच्चीवरचं खोड, पठारावरचा कंद

लोणावळ्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात वर्षभराचा पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटर. मावळ तालुका या दोन आकड्यांच्या मध्ये उतरत गेलेला आहे. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस कामशेतला सौम्य होतो, वडगाव-तळेगावला आणखी उतरतो. या पावसावर इथे इंद्रायणी भात पिकतो. आणि याच पावसात, गच्चीवरच्या पारदर्शक पत्र्याखाली, काही हौशी माणसं अरबस्तानातली आणि आफ्रिकेतली झाडं वाढवतात. या झाडांचं खोड किंवा मूळ जमिनीलगत फुगतं आणि त्यात पाणी साठतं. त्या फुगीर भागाला बागकामवाले कॉडेक्स म्हणतात. अडेनियम हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं झाड. पॅकिपोडियम, अडेनिया, सायफोस्टेमा ही त्याहून कमी दिसणारी.

काही जण झाडं जमवून थांबत नाहीत. दोन वेगळ्या जातींचा हाताने संकर करतात, बी धरतात, रोपं वाढवतात आणि त्यातून आजवर कुणाकडे नसलेलं झाड निघतं का याची वाट पाहतात.

या छंदाबद्दल टोकाची दोन मतं आहेत आणि ती एकाच घरात नांदू शकतात, म्हणून मी ती मावशी आणि भाचीच्या तोंडी घातली आहेत. मावशी लोणावळ्यातल्या तुंगार्लीत राहते, तिची गच्ची अडेनियमच्या संकरांनी भरलेली आहे. भाची वनस्पतिशास्त्र शिकलेली, पावसाळाभर विसापूर-लोहगडाच्या अंगाने हिंडणारी. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे. मला त्यात काय वाटतं तेही मी मधून मधून सांगणार आहे.

भाची: मावशी, सरळच विचारते. जुलैत आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत वाळवंटातलं झाड जगवायचा अट्टहास कशासाठी?

मावशी: आधी एक गैरसमज काढून टाक. वाळवंटातलं झाड म्हणजे पाणी न पिणारं झाड नव्हे. सहाराच्या दक्षिणेला अडेनियम जिथे वाढतं तिथे पाऊस उष्ण दिवसांत येतो, आणि तेव्हा ते घटाघटा पितं. थायलंडमध्ये बघ. बँकॉकला पुण्याच्या दुप्पट पाऊस पडतो, आणि अडेनियमच्या उत्तमोत्तम वाणांचा तोच देश. तिथे सर येते, जाते, लगेच ऊन पडतं. आपल्याकडे सर जातच नाही. आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, पारा २२-२४ अंशांवर अडकून बसतो. पानांतून वाफ बाहेर पडत नाही, मग मुळं पाणी ओढत नाहीत, आणि कुंडीतलं पाणी जागच्या जागी राहतं. त्यात मूळ कुजतं. पाण्याने मरत नाही गं हे झाड, उन्हाविना साचलेल्या पाण्याने मरतं.

भाची: म्हणजे इथे उणीव उन्हाची आहे.

मावशी: उन्हाची आणि वाऱ्याची. म्हणून माझी पावसाळ्याची तयारी मेमध्येच होते. पत्रा चढतो, पण चारही बाजू मोकळ्या ठेवते. लोक काय करतात, पावसाला घाबरून चहूबाजूंनी प्लॅस्टिक लावतात, आणि आत हवा कोंडली की पाऊस न लागताही झाड कुजतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाणी जवळजवळ बंद. चार दिवस उघडीप मिळाली तरच थोडं, तेही सकाळी.

भाची: आणि माती?

मावशी: माती जवळजवळ नाहीच. जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, थोडं शेणखत, थोडं कोकोपीट, आणि भाताचं करपवलेलं तूस. कामशेतला भाताच्या गिरण्या आहेत, तूस हवं तेवढं मिळतं. कुंडीत वरून पाणी ओतलं की लगेच खालून निघालं पाहिजे. थांबलं तर मिश्रण चुकलं.

हे तूस मला फार महत्त्वाचं वाटतं. थायलंडमधले बागवालेही अडेनियमला भाताचं जळकं तूस वापरतात, कारण तोही भाताचा देश. परदेशी झाड वाढवायला परदेशी सामानच लागतं असं समजून पर्लाइट आणि प्युमिसच्या पिशव्या महागात मागवणाऱ्यांनी आधी आपल्या तालुक्यात काय पिकतं ते पाहावं. ज्याच्या कुंडीत काय आहे आणि ते का आहे हे त्याला सांगता येतं, त्याची झाडं लोणावळ्यातही जगतात.

भाची: आणि इतकं करून कुजलंच तर?

मावशी: रोज अंगठ्याने दाबून बघायचं. खोड कडक लागलं की ठीक. मऊ लागलं की त्याच दिवशी उपटायचं, स्वच्छ सुरीने पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापत जायचं, बुरशीनाशक लावून सावलीत कोरडं करायचं, जखम पूर्ण सुकली की कोरड्या मिश्रणात पुन्हा लावायचं. दोन दिवस उशीर केला तर आतून पाणी झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत वेगळी गोष्ट. रात्री गारठा पडतो, पानं गळतात, झाड झोपतं. ती झोप मोडायला पाणी घालणारी माणसं हिवाळ्यात झाड घालवतात.

भाची: तुझे कष्ट मी नाकारत नाही. पण हे झाड दुसऱ्या कुणाच्या तरी डोंगरावरून आलेलं आहे. कुणीतरी ते उपटलं म्हणून ते फिरत फिरत इथे आलं.

या मुद्द्यावर थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याचं एक टोक मुंबईला पोचतं. अडेनियमला पहिलं शास्त्रीय नाव दिलं पेहर फोर्सकाल याने. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतून येमेनला गेला आणि जुलै १७६३ मध्ये तिथेच हिवतापाने मेला. मोहिमेतले उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले. चित्रकार वाटेत समुद्रावर गेला, डॉक्टर पुढच्या वर्षी मुंबईत. जिवंत राहिला तो कार्स्टन नीबूर. त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेतली, चित्रं काढली, आणि मायदेशी परतल्यावर १७७५ मध्ये मित्राची वनस्पतींची टिपणं छापून काढली. त्यात हे झाड ‘नेरियम ऑबेसम’ या नावाने आलं, म्हणजे कण्हेरीच्या प्रजातीत. अडेनियम ही वेगळी प्रजाती १८१९ मध्ये झाली. कण्हेरीशी असलेलं नातं मात्र खरंच आहे, दोघींचं कुळ एकच. पानांचा आणि चिकाचा विषारी गुणही सारखा. आफ्रिकेत शिकारी अडेनियमच्या चिकाने बाण माखत आले आहेत. घरात लहान मूल, शेळी किंवा कुत्रा असेल तर हे लक्षात ठेवावं आणि छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत.

मावशी: उपटण्याबद्दल बोलतेस ना, तर ऐक. माझ्या गच्चीवरचं एकही खोड डोंगरावरून उपटलेलं नाही. सगळी बियांची आहेत. पॅकिपोडियम घ्यायची वेळ येते तेव्हा मीही विचारते, कारण त्याच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या यादीत आहेत, कागदांशिवाय सीमा ओलांडू शकत नाहीत. मादागास्करच्या खडकांवरून उपटलेली शंभर वर्षांची खोडं जगभर विकली गेली आहेत, हे मला माहीत आहे. जो माणूस बी पेरतो, त्याला ते खोड विकत घ्यायची गरज राहत नाही. संकर करणारा तर स्वतःच नवं बी तयार करतो. तुझ्या बाजूचाच तो माणूस आहे.

भाची: तो थांबतो कुठे हे बघावं लागेल. बरं, संकर करतेस म्हणजे नेमकं काय करतेस?

मावशी: बस इथे, दाखवते. हे फूल उभं चिर. आत पाच परागकोश एकमेकांना टेकून सुळका झालेला दिसतो. त्यांच्या टोकांना हे लांब केस. पराग या सुळक्याच्या आत, आणि स्त्रीकेसराचं डोकं त्याच्याही खाली, बंद खोलीत. आपल्याकडे हे काम करणारा कीटक क्वचितच येतो, म्हणून शेंगा आपोआप फारशा धरत नाहीत. मी एक परागकोश सुईने बाजूला काढते, टोकदार काडीला आतला चिकट द्रव लावते, त्यावर पराग उचलते. मग दुसऱ्या झाडाच्या फुलात तशीच फट करून, स्त्रीकेसराच्या डोक्याच्या खालच्या कडेला पराग चिकटवते. वर लावला तर काही होत नाही, ग्रहण करणारी जागा खाली आहे. बहुतेक झाडं स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत, दुसरं झाड लागतंच.

भाची: मग शेंग?

मावशी: दोन शिंगं फुटतात, जोडीने. अडीच-तीन महिने पोसतात. पिकायला आली की दोरा गुंडाळायचा, नाही तर एका दुपारी फटकन उकलतात आणि दोन्ही टोकांना कापसाचे झुपके असलेलं बी वाऱ्यावर निघून जातं. ताजं बी आठवड्यात उगवतं. जुनं झालं की उगवण झपाट्याने घटते.

भाची: कोणाचा कोणाशी संकर?

मावशी: तिथेच सगळी गंमत आहे. ऑबेसम लवकर फुलतं, वर्ष-दीड वर्षात, रंगही पुष्कळ. अरेबिकमचं खोड बसकं आणि रुंद, फांद्या बुंध्यापासूनच फुटतात. सोकोट्रानम फक्त सोकोत्रा बेटावरचं, झाडाएवढं होणारं, पण फुलायला दहा-दहा वर्षं घेतं. सोकोट्रानमचं अंग आणि ऑबेसमची घाई एका रोपात आली तर? तेवढ्यासाठी शंभर बिया पेरायच्या. काही शास्त्रज्ञ या सगळ्यांना एकाच जातीचे प्रकार मानतात, त्यामुळे यांचे संकर सहज होतात. स्वाझिकम मात्र वेगळं. त्याचा ऑबेसमशी संकर थंडीत टिकतो, महिनोन् महिने फुलतो, पण बहुधा वांझ निघतो. पुढची पिढी नाही.

भाची: आणि त्या शंभरातली किती चांगली?

मावशी: मोजकी. एका शेंगेतली सगळी भावंडं वेगळी. कुणाचं खोड उंच शेवग्यासारखं, कुणाचं बसकं, कुणाचं फूल बापाचं आणि अंग आईचं. नावाजलेल्या वाणाचं बी म्हणून जे विकतात ना, त्या बियांतून तो वाण येत नाही. त्याचं पोर येतं, आणि पोराचा भरवसा कुणी द्यायचा?

मला इथे बी विकणाऱ्यांबद्दल बोललंच पाहिजे. निळ्या अडेनियमची चित्रं दाखवून बी विकलं जातं. निळं अडेनियम अस्तित्वात नाही. ‘दुर्मीळ संकर’ असा शिक्का मारलेल्या पाकिटात कुठल्या दोन झाडांचं लग्न लागलं आहे, हे रोप फुलल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि फुलल्यावरही आईबाप सिद्ध होत नाहीत. नवख्याने जवळच्या ओळखीच्या माणसाकडून ताजं बी घ्यावं, ज्याची आई आणि बाप दोन्ही झाडं समोर उभी असतात.

भाची: मग एखादं अगदी मनासारखं निघालं, तर त्याची कलमं करतेस?

मावशी: कलम केलं तर फूल मिळतं, अंग मिळत नाही. डोळा किंवा फांदी दुसऱ्याच्या खोडावर बसवली की खालचं खोड त्या दुसऱ्याचंच. फांदी मातीत लावली तर मुळं जाड होतात, पण बियांच्या रोपाला येतो तसा बुंधा बहुधा येत नाही. म्हणजे ज्या झाडाचं खोडच सुंदर आहे, ते जगात एकच. ते गेलं की गेलं. जुलैत कुजलं की कुठल्याच पैशाने परत मिळत नाही.

कॉडेक्सच्या संकरांबद्दल मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये, पवन मावळातल्या पॉलीहाउसांत, गुलाबाचं यश म्हणजे एकसारखी हजारो फुलं. तिथे एक दांडी दुसरीपेक्षा वेगळी निघाली तर ती काढून टाकतात. मावळातल्या अनेक घरांची चूल त्या एकसारखेपणावर पेटते, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. गच्चीवरचा संकरवाला नेमकं उलटं काम करतो. त्याला वेगळं निघालेलं हवं असतं, आणि ते एकदाच निघतं. अशा झाडाची काळजी घेणाऱ्याला छंदिष्ट म्हणून हसणं मला पटत नाही.

पण भाचीचा खरा मुद्दा अजून यायचा आहे.

भाची: एकच असणं, हे तुझ्या झाडाचं दुर्मीळपण. ते तू घडवलंस, उद्या दुसरं घडवशील. मावशी, खंडाळ्याचं नाव लावणारी एक कॉडेक्सवाली वनस्पती आहे, माहीत आहे तुला?

मावशी: खंडाळ्याचं?

भाची: युफोर्बिया खंडालेन्सिस. शंभरेक वर्षांपूर्वी ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांनी तिला हे नाव दिलं. ब्लॅटर म्हणजे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर. काही अभ्यासक तिला युफोर्बिया फ्युसिफॉर्मिसचाच एक प्रकार मानतात. जमिनीखाली जाड कंदासारखं मूळ, वर काही महिने पानं, बाकी वर्षभर काही नाही. तुझ्या अडेनियमने जे खोड वर मांडून ठेवलंय, ते हिने जमिनीत पुरून ठेवलंय. फादर सांतापाव यांनी याच डोंगरांवर वर्षानुवर्षं फिरून खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, १९५३ मध्ये छापला गेला. तुझ्या घरापासून चालत जाता येईल अशा जागांची ती नोंद आहे. तुझ्या कपाटात थायलंडचे कॅटलॉग आहेत, तो ग्रंथ नाही.

मावशी: हे मात्र बोचलं.

भाची: अजून ऐक. तू बाजारात ज्या हत्तीपाय कंदासाठी डोळे मोठे करतेस, तो दक्षिण आफ्रिकेतला डायोस्कोरिया. आपला करांदा त्याचाच सख्खा. बुद्धा बेली म्हणून ज्या जट्रोफाची कुंडी प्रत्येक नर्सरीत असते तो मध्य अमेरिकेतला. पुण्याच्या आसपास एक बुटका जट्रोफा आहे, किरकुंडी, जाड मुळाचा. डाल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि तो आज फार थोड्या जागी दिसतो. जुन्नरजवळ हिवऱ्याला डाल्झेललाच सापडलेली शिंदळ माकुडी, मुंबईचा गव्हर्नर फ्रिअर याच्या नावावरून फ्रेरिया इंडिका. मांसल फांद्या, पावसात पानं, तांबड्या-पिवळ्या चांदण्यांसारखी फुलं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर उरली आहे. महाराष्ट्राबाहेर जंगलात ती कुठेही नाही. परदेशातले हौशी लोक ती कुंडीत वाढवतात, आणि आपल्याकडे नाव सांगितलं तर लोक हसतात.

मावशी: आणि कंदीलपुष्पं?

भाची: ती तर आपल्या पठारांचा दागिना. जून-जुलैत कंदातून वेल फुटतो, ऑगस्ट-सप्टेंबरात कंदिलासारखं फूल. आत केस खालच्या बाजूला वळलेले. चिलट आत शिरलं की रात्रभर अडकतं, दुसऱ्या दिवशी केस वाळले की पराग घेऊन बाहेर पडतं. पुन्हा कंद झोपतो, पुढच्या पावसापर्यंत. आठ महिने झोप आणि चार महिने जगणं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक श्रीरंग यादव यांनी या सेरोपेजियांवर आयुष्य घातलं, बागेत त्या वाढवून जपल्या. तुझ्या झाडाला पावसात छप्पर लागतं. हिला पाऊसच लागतो. मग इथली माणसं इथलं का वाढवत नाहीत?

मावशी थोडा वेळ काही बोलत नाही. मग ती जे म्हणते, ते असा वाद ऐकणाऱ्या बहुतेकांच्या मनात आलेलं असतं.

मावशी: पटलं. मग पुढच्या वेळी येताना दोन-तीन कंद घेऊन ये. मी वाढवते. संकरही करून बघते, हाताला सवय आहेच.

भाची: नाही.

मावशी: नाही म्हणजे?

भाची: कंद खणणार नाही. एका पठारावर एका जातीची किती झाडं असतात, ते मी पाहिलंय. तिथून दोन-तीन कंद उचलणं म्हणजे चिमूट नव्हे, हिस्सा आहे. आधीच गुराखी आणि मुलं कंद खणून खातात, रानडुकरं उकरतात. त्यात शहरातली हौस उतरली तर काही उरणार नाही. आणि हे कंद तुझ्या कुंडीत बहुतेक मरतीलही. त्यांना कातळावरची दोन बोटं माती हवी, बाजूचं गवत हवं, ते चिलट हवं.

मावशी: बी दे मग.

भाची: बी घेऊन वाढवणं विद्यापीठांच्या बागांनी करावं, नोंद ठेवून, कुठल्या कड्यावरचं बी ते लिहून. आणि संकर तर अजिबात नको. तुझ्या गच्चीपासून पठार किती लांब आहे? संकराचं बी उडालं, पराग गेला, तर जंगलातल्या जातीत मिसळू शकतो. जी जात शंभरांच्या घरात उरली आहे, तिच्यात अशी भेसळ परवडत नाही.

मावशी: थांब, थांब. म्हणजे माझ्या अडेनियमचा पराग उडाला तर?

भाची: तर काही होत नाही. सह्याद्रीत अडेनियमचा कुणीही जवळचा नातलग नाही. कण्हेरीशी त्याचा संकर होत नाही. तुझं बी उडून पठारावर पडलं तर पहिल्याच जुलैत कुजेल.

मावशी: मग या पावसात गच्चीवर संकर करायचाच असेल, तर तो या परदेशी झाडाचाच करावा, असं तूच म्हणतेस.

भाची: असंच म्हणावं लागेल.

हा निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे, आणि तो दोघींनाही सुरुवातीला अपेक्षित नव्हता. ‘देशी लावा’ हा सल्ला वड, पिंपळ, करंजाला योग्य आहे, शेताच्या बांधाला योग्य आहे. मोजक्या कड्यांवर उरलेल्या कंदांना तो तसाच लागू केला तर घात होतो, कारण देशी दुर्मीळ कंदाची मागणी वाढली की तो नर्सरीतून येत नाही, डोंगरावरून येतो. अडेनियमचं बी कुंडीत तयार होतं, कुंडीतच फुलतं आणि कुंडीतच संपतं. कुणाच्याही कड्याला हात न लावता खोडाचं सौंदर्य पाहण्याची ती सोय आहे.

भाचीचं दुसरं म्हणणंही तितकंच खरं आहे. थायलंडच्या वाणांची नावं तोंडपाठ असलेल्या माणसाला विसापूरच्या वाटेवर पायाखाली काय आहे ते ठाऊक नसावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. हाताने परागीकरण करणाऱ्याची नजर इतरांपेक्षा बारीक झालेली असते. ती नजर सप्टेंबरात पठारावर न्यावी. फोटो घ्यावा, वही ठेवावी, जागा चारचौघांत जाहीर करू नये, पाय कातळावर ठेवावा, मातीवर नाही. इथल्या जिवांची जाण मावशीला अगदीच नाही असंही नाही. तिच्या गच्चीवर पावसाच्या सुरुवातीला हिरव्या रंगाच्या, निळ्या डोळ्यासारखा ठिपका असलेल्या मोठ्या अळ्या येतात आणि रात्रीत पानं फस्त करतात. त्या कण्हेरीवरच्या पतंगाच्या अळ्या, इथल्याच. मावशी त्या अळ्या चिमट्याने उचलून कुंपणाच्या कण्हेरीवर सोडते. औषध मारत नाही. भाचीला मावशीची ही एक गोष्ट पहिल्यापासून आवडत आली आहे.

वाद इथे संपला असता, पण भाचीने जाता जाता आणखी एक विचारलं.

भाची: मावशी, हा बंगला बांधला तेव्हा मागच्या बाजूला काय होतं?

मावशी: कातळ होता गं. उघडा. पावसात त्यावर पिवळी-निळी फुलं यायची. कंत्राटदार म्हणाला लेव्हल करून घेऊ, तर फोडला, वर लाल माती टाकली, लॉन केलं.

भाची: तेच मी म्हणते. तुझ्या कुंड्यांनी एकही कंद मारला नाही. त्या लॉनने किती मारले कुणास ठाऊक.

मावळातल्या दुर्मीळ कंदांचा मोठा शत्रू कॉडेक्सचा छंद नाही. तो सपाटीकरण आहे. लोणावळा, खंडाळा, पवनेचा काठ, सगळीकडे दुसऱ्या घरांसाठी जमीन विकली जाते, आणि विकत घेणाऱ्याला उघडा कातळ म्हणजे ओसाड जागा वाटते. जेसीबी दोन दिवसांत ती जागा साफ करतो. कातळावरचा मातीचा तो पातळ थर तयार व्हायला लागलेला काळ माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

म्हणून मावळात बंगला, प्लॉट किंवा फार्महाउस असलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. अडेनियम जरूर लावा, बियांपासून लावा, संकर करा, पावसात छप्पर द्या आणि बाजू मोकळ्या ठेवा. पण आपल्या आवारात उघड्या कातळाचा एक तुकडा असेल तर तो फोडू नका, त्यावर माती टाकू नका, लॉन करू नका, तणनाशक मारू नका. एक पावसाळा तो तसाच राहू द्या आणि तिथे काय उगवतं ते पाहून मगच आराखडा काढा.